शाळेच्या संघाचा अपमानास्पद मॅस्कॉट बदलून कसा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहणारं मराठी कुटुंब, मुलगी नववीत. शाळेच्या सगळ्या संघांचा मॅस्कॉट, म्हणजे नाव आणि चिन्ह, 'वॉरियर्स'. जिमच्या फरशीवर मधोमध पिसांचा मुकुट घातलेल्या नेटिव्ह अमेरिकन (अमेरिकेच्या मूळ रहिवासी) माणसाचं डोकं रंगवलेलं. फुटबॉलच्या मॅचला मुलं तोंडाला रंग फासून 'टोमाहॉक चॉप' (हातानं कुऱ्हाड चालवल्याचा अभिनय) करतात. मुलीनं वर्गात विचारलं तर 'हा त्या लोकांचा सन्मान आहे' असं उत्तर मिळालं. सुपरिंटेंडंट (शाळांचे प्रशासकीय प्रमुख) म्हणतात, नाव ठेवायचं का यावर गावात सर्वेक्षण घेऊ. आईवडिलांना तीन गोष्टी हव्या आहेत: सुरुवात कुठून करायची, खर्चाच्या मुद्द्याला काय उत्तर द्यायचं, आणि व्हिसावर असताना यात पडायचं का.

आधी ते सर्वेक्षण थांबवा. बाकीचं नंतर.

पेनसिल्व्हेनियात आज राज्याची किंवा केंद्र सरकारची मान्यता असलेली एकही जमात नाही. तुमचं गाव ज्या लेनापी लोकांच्या जमिनीवर वसलंय, त्यांना अठराव्या शतकात पश्चिमेकडे हुसकत नेलं. त्यांची आजची राष्ट्रं (स्वतःचं सरकार असलेल्या जमाती) ओक्लाहोमात, विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टारियोत आहेत. म्हणजे ज्यांचा चेहरा फरशीवर आहे, त्यांना गावच्या सर्वेक्षणात मतच नाही. निकाल आधीच ठरलेला असतो, आणि एकदा का '७० टक्के लोकांना नाव हवंय' असा आकडा छापून आला की पुढची कित्येक वर्षं स्कूल बोर्ड (शाळांचा कारभार पाहणारी निवडून आलेली समिती) त्याच्याआड लपतं. सुपरिंटेंडंटना लेखी पत्र द्या: नवीन नाव निवडताना विद्यार्थ्यांचा कौल जरूर घ्या, जुनं नाव ठेवायचं की नाही यावर मतदान नको.

तुमच्यासमोर एक आकडा हमखास फेकला जाईल. २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं फोनवरून ५०४ जणांची पाहणी केली आणि दहापैकी नऊ नेटिव्ह अमेरिकनांना वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं 'रेडस्किन्स' ('तांबड्या कातडीचे') हे तेव्हाचं नाव खटकत नाही असं छापलं. ते ५०४ जण स्वतःला नेटिव्ह म्हणवणारे होते, त्यापलीकडे खातरजमा नव्हती. २०२० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात हजारावर नेटिव्ह लोक होते. तिथे जवळपास निम्म्यांना ते नाव अपमानास्पद वाटलं, आणि जे आपल्या जमातीच्या रीतीभातीत रोज वावरतात त्यांच्यात हे प्रमाण बरंच वर गेलं. हे दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवा. पहिला लपवलात तर सभेत कुणीतरी तो काढेल आणि तुम्ही खोटे पडाल.

कुठल्या दारातून जायचं

अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. मेननं २०१९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांमधून असे मॅस्कॉट कायद्यानं काढले. कोलोरॅडोनं २०२१ मध्ये कायदा करून १ जून २०२२ ची मुदत दिली आणि त्यानंतर महिन्याला २५,००० डॉलर दंड लावला. त्याच वर्षी वॉशिंग्टन आणि नेवाडा राज्यांनीही कायदे केले. कनेक्टिकटनं जमातींच्या कॅसिनोंमधून गावांना मिळणारा निधी रोखण्याची तरतूद केली. न्यूयॉर्कच्या बोर्ड ऑफ रीजेंट्सनं (राज्याचं शिक्षणधोरण ठरवणारी संस्था) एप्रिल २०२३ मध्ये नियम करून जून २०२५ पर्यंत बदल पुरा करायला सांगितलं. पेनसिल्व्हेनियात यातलं काहीच नाही, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

केंद्राकडे नागरी हक्कांची तक्रार करायचा मार्ग कागदावर आहे, पण वारं सध्या उलटं आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं न्यूयॉर्कची बंदी हाच भेदभाव ठरवला. मॅसापिक्वा गावच्या 'चीफ्स' या नावावरून ते प्रकरण पेटलं होतं. राज्याच्या मानवी हक्क आयोगाचा अनुभवही लक्षात घ्या. तुमच्या शेजारच्या बक्स काउंटीतल्या नेशामिनी हायस्कूलच्या 'रेडस्किन्स' नावावर एका आईनं २०१३ मध्ये तक्रार केली. आयोगाचा आदेश आला २०१९ मध्ये, त्यातही नाव काढायला सांगितलं नव्हतं, आणि तोही आदेश पुढे न्यायालयात टिकला नाही. तेवढ्या काळात मुलांच्या दोन पिढ्या शाळेतून बाहेर पडतात.

उरतं स्कूल बोर्ड. हे नाव बोर्डानं स्वीकारलंय, बोर्डच ते काढू शकतं. उलट उदाहरणं तुमच्या गावापासून तासाभरावर आहेत: रॅडनर हायस्कूलनं 'रेडर्स' आणि त्यासोबतची चित्रं सोडून 'रॅप्टर्स' घेतलं, चेस्टर काउंटीतल्या युनियनव्हिलनं 'इंडियन्स' सोडून 'लाँगहॉर्न्स'. दोन्ही बदल बोर्डाच्या ठरावानं झाले. त्यांच्या बैठकांची इतिवृत्तं आणि ठराव मागवून वाचा. आयता मसुदा मिळतो.

नऊ जणांचं बोर्ड आणि कॅलेंडर

पेनसिल्व्हेनियात बोर्डावर नऊ सदस्य असतात. तुम्हाला पाच हवेत. सगळी मोहीम या पाच मतांसाठी आहे, फेसबुकवरच्या भांडणासाठी नाही. एका वहीत नऊ नावं लिहा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी टिपा: मुदत कधी संपते, मुलं या शाळेत शिकली का, स्वतः इथले माजी विद्यार्थी आहेत का, आणि आजवर या विषयावर काय बोलले. गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं वेबसाइटवर असतात. मग एकेकाला कॉफीसाठी भेटा. पाच जणांना एकत्र बोलावू नका. तेवढ्यानं गणपूर्ती होते आणि राज्याच्या 'सनशाइन अ‍ॅक्ट' या खुल्या बैठकांच्या कायद्याखाली ती जाहीर बैठक ठरते. भेटीत भाषण नको. एकच प्रश्न विचारा: 'हो म्हणायला तुम्हाला काय अडतंय?' कुणाला खर्च अडतो, कुणाला भाऊ जुन्या संघाचा कॅप्टन होता हे अडतं, कुणाला पुढची निवडणूक. तिघांना तीन वेगळी उत्तरं लागतात.

निवडणूक विषम वर्षी नोव्हेंबरमध्ये होते, एकदा पाच जागा आणि दोन वर्षांनी चार. नवे सदस्य डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शपथ घेतात. बजेट ३० जूनपूर्वी मंजूर व्हावं लागतं, नवीन आर्थिक वर्ष १ जुलैला लागतं. यावरून मोहिमेची वेळ आपोआप ठरते: ठराव सम वर्षी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान आला तर पैसे त्याच बजेटमध्ये धरता येतात आणि पुढची निवडणूक सगळ्यात लांब असते. निवडणुकीच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषय रेटू नका. त्या दिवसांत उमेदवारांना या प्रश्नापेक्षा त्यावरून होणारी आरडाओरड जास्त उपयोगी पडते.

ठराव थेट मुख्य बैठकीत क्वचितच येतो. आधी पॉलिसी समिती, मग कामकाजाची बैठक, मग मतदान, आणि धोरणात बदल असेल तर बहुतेक बोर्डं दोन वेळा वाचन घेतात. म्हणजे सुरळीत गेलं तरी तीन-चार महिने. समितीच्या बैठकीला दहा माणसंही नसतात. तिथे बोललेलं सदस्य खरोखर ऐकतात.

व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांचं काय

अगदी मोजकी ठिकाणं सोडली तर बोर्डाच्या निवडणुकीत नागरिकांनाच मत देता येतं. पण बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. 'सनशाइन अ‍ॅक्ट' रहिवासी आणि करदाते यांना बोलण्याची वाजवी संधी देतो, आणि तुम्ही घराचा मालमत्ता कर भरता, भाड्याचं घर असलं तरी तिथले रहिवासी आहात. कागदपत्रं मागवण्याचा राज्याचा 'राइट टू नो' कायदाही अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही वापरता येतो. बैठकांचं चित्रीकरण मात्र यूट्यूबवर कायमचं राहतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी माईकपासून लांब राहून यादी, खर्चाचा तक्ता आणि इतिवृत्तांचं वाचन अंगावर घ्यावं. ते काम भाषणाइतकंच मोलाचं आहे, आणि ते करायला माणसं मिळत नाहीत.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पत्रक वाटून पन्नास मराठी सह्या जमवल्या तर बोर्डाला तो 'बाहेरून आलेल्यांचा' विषय वाटतो. त्यापेक्षा मंडळातली सहा माणसं, गावात चाळीस वर्षं राहिलेले दोन आजी-आजोबा, एक निवृत्त शिक्षक आणि एक माजी खेळाडू अशी जुळणी करा. माजी खेळाडू फार महत्त्वाचा. 'मी ही जर्सी चार वर्षं घातली, आणि मला ती बदललेली हवी आहे' या एका वाक्याला विरोधकांकडे उत्तर नसतं. आणि 'आम्हीही इंडियनच' अशी सुरुवात कुणी करू नये. हा नेटिव्ह लोकांचा प्रश्न आहे, आपण शेजारी म्हणून उभे आहोत.

'सन्मान आहे' याला काय म्हणायचं

हेतूवर वाद घालू नका. बहुतेकांचा हेतू खरंच वाईट नसतो, आणि त्यांना वाईट म्हटलं की ती दारं बंद होतात. परिणामावर बोला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २००५ मध्येच असे सगळे मॅस्कॉट ताबडतोब बंद करा असा ठराव केला. ट्युलालिप जमातीच्या मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग यांनी २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगांत नेटिव्ह विद्यार्थ्यांना अशी चित्रं दाखवली. चित्राबद्दल विचारलं तर पुष्कळ मुलांनी चांगले शब्द वापरले. तरी चित्र पाहिल्यावर त्यांचं स्वतःबद्दलचं मत घसरलं, आणि 'पुढे मी काय होईन' या प्रश्नाला शिक्षणातल्या यशाची उत्तरं कमी आली. 'आम्ही एका नेटिव्ह मुलाला विचारलं, त्याला आवडतं' या युक्तिवादाचा पाया इथेच ढासळतो.

'आपल्या शाळेत एकही नेटिव्ह मूल नाही, मग त्रास कुणाला?' हे हमखास येईल. त्यावर २०१० चा चू किम-प्रिएटो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पुढे ठेवा. इलिनॉय विद्यापीठाचा 'चीफ इलिनिवेक' हा मॅस्कॉट ज्यांच्यासमोर आला, ते आशियाई अमेरिकन लोकांबद्दलच्या साचेबंद समजुतींना जास्त होकार देऊ लागले. एका समाजाला चित्रात कोंबायची सवय लागली की ती दुसऱ्या समाजावरही उतरते. तुमच्या मुलीच्या बाकाशी याचा थेट संबंध आहे, आणि हे सांगायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

मग फरशीवरच्या त्या डोक्याकडे वळा. लांब पिसांचा, पाठीवर सोडलेला तो मुकुट मैदानी प्रदेशातल्या लाकोटांसारख्या जमातींचा. लेनापी असा मुकुट घालत नसत. तिकडे तो मिळवावा लागतो, एकेका पिसामागे एकेक कृत्य असतं. म्हणजे जे चित्र 'आपल्या भूमीतल्या शूरांचा सन्मान' म्हणून रंगवलंय ते हजाराहून जास्त मैल दूरच्या दुसऱ्याच लोकांचं आहे, आणि त्यावर रोज बुटांचे पाय पडतात. तुलनेला कोलोरॅडोतलं अरापाहो हायस्कूल सांगा. त्यांचाही संघ 'वॉरियर्स', पण १९९३ पासून वायोमिंगमधल्या नॉर्दर्न अरापाहो जमातीशी करार आहे, चिन्ह जमातीच्या कलाकारानं काढलंय, आणि ते जिमच्या फरशीवर लावायचं नाही हे ठरलेलं आहे. कोलोरॅडोच्या कायद्यानं अशा करारांना सूट दिली.

पेनसिल्व्हेनियाचा इतिहास बोर्डाला माहीत असेल असं धरू नका. १७५६ मध्ये या वसाहतीच्या गव्हर्नरनं लेनापी पुरुषाच्या टाळूसाठी (मारून सोललेल्या, केसांसकट डोक्याच्या कातडीसाठी) १३० स्पॅनिश डॉलरचं इनाम जाहीर केलं. डिसेंबर १७६३ मध्ये पॅक्स्टन बॉइज नावाच्या टोळीनं कोनेस्टोगा वस्तीतले उरलेले वीस सस्क्वेहॅनॉक जमातीचे लोक मारले: सहा जण त्यांच्या वस्तीत, आणि ज्यांना लँकेस्टरमध्ये सरकारी संरक्षणात ठेवलं होतं ते चौदा जण तिथेच. त्यात लहान मुलंही होती. १८७९ ते १९१८ कार्लाइलची निवासी शाळा चालली, जिथे नेटिव्ह मुलांचे केस कापले, नावं बदलली, भाषा बंद केली. हे तीन मिनिटांत सांगता येतं, आणि आवाज न चढवता सांगावं.

एक इशारा. 'रेडस्किन हा शब्द टाळूच्या इनामावरूनच आला' असं अनेक पत्रकांत असतं. भाषातज्ज्ञ आइव्हज गोडार्ड यांनी २००५ मध्ये तो उगम तसा नाही हे दाखवलं. हा दावा कराल तर विरोधक त्यावरच तुम्हाला अडकवतील. इनाम खरं आहे, शब्द आज शिवी म्हणून वापरला जातो हेही खरं. दोन्ही वेगवेगळं सांगा.

नेटिव्ह राष्ट्रांशी बोलणं

लेनापींच्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता असलेल्या तीन राष्ट्रांना पत्र जायला हवं: ओक्लाहोमातली डेलावेअर नेशन आणि डेलावेअर ट्राइब ऑफ इंडियन्स, आणि विस्कॉन्सिनमधली स्टॉकब्रिज-मन्सी कम्युनिटी. प्रत्येकीचं ऐतिहासिक वारसा जतनाचं कार्यालय असतं, तिथून सुरुवात करा. पण मुख्य पत्र सुपरिंटेंडंट किंवा बोर्डाच्या अध्यक्षांच्या सहीनं जमातीच्या अध्यक्षांना जावं. ती सरकारं आहेत, एखादी संस्था किंवा क्लब नव्हे, आणि पालकाच्या ईमेलला त्यांनी ठराव पाठवावा ही अपेक्षा चूक आहे. कौन्सिलच्या बैठका महिन्यातून एकदा-दोनदा असतात, तेव्हा दोन-तीन महिने धरा. पत्रात 'आम्हाला परवानगी द्या' असा सूर नको. चित्राचे फोटो जोडा, इतिहास थोडक्यात द्या, त्यांची भूमिका विचारा. नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स १९६८ पासून या विषयावर काम करतेय. त्यांच्याकडे शाळांची देशव्यापी यादी आहे, सुमारे १,९०० शाळांची.

शाळेत एखादं नेटिव्ह मूल निघालंच तर त्याला माईकसमोर उभं करू नका. त्याच्या घरच्यांनी स्वतःहून ठरवलं तर गोष्ट वेगळी. सभेनंतर त्याला त्याच बसमधून जायचं असतं.

खर्चाचा तक्ता

बहुतेक मोहिमा इथे हरतात. विरोधक एक फुगवलेला आकडा टाकतात, समर्थक 'पैशापेक्षा माणूस मोठा' म्हणतात, आणि काठावरचे दोन सदस्य घाबरून 'नंतर बघू' म्हणतात. म्हणून आकडा आधी तुमचा असायला हवा.

फोन घेऊन शाळेत, मैदानावर, बसथांब्यावर फिरा आणि जिथे जिथे नाव किंवा चित्र आहे त्याचा फोटो काढा. तक्त्यात चार रकाने: वस्तू, ठिकाण, शेवटची कधी घेतली, एरवी कधी बदलायची होती. शेवटचे दोन रकाने भरायला 'राइट टू नो' अर्ज करा: गेल्या पाच वर्षांच्या गणवेशांच्या खरेदीच्या ऑर्डरी, जिमच्या फरशीची बिलं, स्कोअरबोर्डचा करार, चिन्हाच्या मालकीचे कागद. पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर यावं लागतं, ३० दिवस वाढवून घेता येतात.

तक्ता भरला की एक गोष्ट दिसते: पुष्कळ जर्सींवर गावाचं नाव असतं, मॅस्कॉटचं नसतंच. त्यांना हात लावायची गरज नाही. हेल्मेटवरचं चिन्ह म्हणजे स्टिकर. दर हंगामात नवीन लागतोच. गणवेश संघागणिक तीन ते पाच वर्षांनी पाळीपाळीनं बदलतात, म्हणजे ठरावाच्या दिवसापासून जुन्या चिन्हाची नवी खरेदी थांबवली तर मोठा भाग नेहमीच्या बजेटमध्येच बसतो. खरा जादा खर्च राहतो तो तीन-चार ठिकाणी: जिमची फरशी, कृत्रिम गवतात कापून बसवलेलं चिन्ह, कुस्तीच्या मॅट आणि रस्त्यावरचा मोठा फलक.

फरशीचं नीट समजून घ्या. मेपलच्या फरशीला दरवर्षी हलकं घासून वरचा थर देतात, आणि साधारण दहा वर्षांनी पूर्ण घासून रेषा-चिन्हं नव्यानं रंगवतात. फक्त मधलं वर्तुळ घासून रंगवणं स्वस्त पडतं, पण जुना लेप पिवळसर झालेला असतो आणि मधे पांढुरका ठिपका उठून दिसतो. मग कुणीतरी म्हणतं, बघा, फरशीची वाट लावली. पूर्ण घासण्याची पाळी दोन-तीन वर्षांत येणार असेल तर ती अलीकडे ओढून घ्या आणि बजेटमध्ये 'नियोजित देखभाल' म्हणून दाखवा. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन ते तीन आठवडे जिम बंद. निविदा मार्चमध्येच निघाली पाहिजे, कारण सगळ्या शाळांना तेच आठवडे हवे असतात. तोवर वर्तुळावर साधं विनाइल आच्छादन लावता येतं का हे फरशीच्या कंत्राटदाराला विचारा. काही लेपांवर ते चिकटून बसतं आणि काढताना लेप उखडतो.

चिन्हाच्या मालकीचं तपासणं सोडू नका. शाळांची बरीच चिन्हं एखाद्या व्यावसायिक किंवा विद्यापीठ संघाच्या चिन्हाची हुबेहूब नक्कल असतात, आणि मालकाची नोटीस आली तर बदल करावाच लागतो. काठावरच्या सदस्याला हा मुद्दा पटकन पटतो.

मदतनिधीबद्दल: मिशिगनमध्ये नोटावासेपी ह्युरॉन बँड या जमातीच्या पैशातून नेटिव्ह अमेरिकन हेरिटेज फंड चालतो आणि मॅस्कॉट बदलणाऱ्या शाळांना अनुदान देतो. बेल्डिंगच्या शाळांना त्यातून ३ लाख डॉलरहून जास्त मिळाले. पेनसिल्व्हेनियात असा निधी नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. बूस्टर क्लबकडे (संघांसाठी पैसे उभे करणाऱ्या पालक-समर्थकांच्या गटाकडे) मात्र जुन्या टी-शर्टांचा साठा पडून असतो. त्यांना विक्रीची शेवटची तारीख सहा महिने पुढची द्या. तोटा झाला नाही तर त्यांचा निम्मा विरोध मावळतो.

सभा आणि ठराव

एका माणसाला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. इंग्रजीत ३५० शब्द लिहा, चारशे नकोत. वक्त्यांनी मुद्दे वाटून घ्यावेत: एक इतिहास, एक संशोधन, एक खर्च, एक माजी खेळाडू, एक शिक्षक. आठ जणांनी एकच गोष्ट सांगितली तर पाचव्यानंतर बोर्ड फोन बघतं. राष्ट्रांचं पत्र आलं असेल तर ते शेवटी, शब्दशः, कुणीही स्वतःची पुरवणी न जोडता वाचावं. अजेंडा बैठकीच्या किमान २४ तास आधी जाहीर होतो. आदल्या रात्री तो उघडून पाहाच, विषय गुपचूप पुढे ढकललेला असू शकतो.

ठरावात 'नाव निवृत्त करण्यात येत आहे' एवढंच लिहिलं तर काम अर्धवट राहतं. नाव आणि चित्र दोन्ही लिहा. फक्त चित्र काढून 'वॉरियर्स' ठेवायचा तोडगा बोर्डाला फार आवडतो, आणि वर्षभरात विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये पिसं परत येतात, कारण नाव ऐकल्यावर तेच डोळ्यांसमोर येतं. म्हणून पुढच्या कुठल्याही नावात नेटिव्ह संदर्भ नसेल हे धोरणातच घाला. खरेदी आजपासून बंद, गणवेश अमुक हंगामापर्यंत, फरशी अमुक उन्हाळ्यात अशा तारखा हव्यात. तारीख नसलेला ठराव तीन वर्षांनी तसाच सापडतो. चॉप, चेहरा रंगवणं, पिसांचे मुकुट शाळेच्या कार्यक्रमात चालणार नाहीत, ध्वनिक्षेपकावरची घोषणा आणि शाळेचं गीत तपासलं जाईल, हेही त्यात. आणि काय बदलणार नाही ते स्पष्ट लिहा: जुन्या ढाली, करंडक, संघांचे फोटो जागेवर राहतील, कुणाच्या घरातलं जुनं जॅकेट कुणी काढून घेणार नाही. माजी विद्यार्थ्यांची भीती नेमकी तीच असते.

छोट्या मुलांचे गावातले क्रीडा क्लब स्वतंत्र संस्था असतात, बोर्डाचा हुकूम त्यांना लागू होत नाही. पण ते शाळेची मैदानं वापरतात. मैदान वापराच्या करारात चिन्हाची अट घालता येते.

नवीन नावासाठी सूचना सगळ्यांकडून मागवा, निवड समितीनं तीन ते पाच नावांची यादी करावी आणि विद्यार्थ्यांनी त्यातून मत द्यावं. खुलं मतदान ठेवलं तर थट्टेचं नाव जिंकतं. यादीत जुनं नाव नको, 'काहीच नको' हाही पर्याय नको. शाळेचे रंग तेच ठेवा, अर्धा खर्च आणि अर्धा राग वाचतो. 'रेड' शब्द धरून ठेवणारी नावं टाळलेली बरी, त्यांतून जुनी घोषणा सहज परत येते. चिन्ह एका रंगात, तीन इंच भरतकामात ओळखू येतं का, लीगमधल्या दुसऱ्या शाळेशी सारखं होतं का, आद्याक्षरांतून भलताच शब्द तयार होतो का, हे बघूनच मंजूर करा.

ठराव झाल्यानंतर

पेनसिल्व्हेनियातल्याच सदर्न यॉर्क काउंटीच्या बोर्डानं एप्रिल २०२१ मध्ये सस्क्वेहॅनॉक हायस्कूलचं 'वॉरियर्स'चं चित्र काढलं. २०२३ च्या निवडणुकीनंतर बोर्ड बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सात विरुद्ध दोन मतांनी परत आणलं. कनेक्टिकटमधल्या किलिंग्लीत २०१९ मध्ये 'रेडमेन' जाऊन विद्यार्थ्यांनी 'रेड हॉक्स' निवडलं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर जानेवारी २०२० मध्ये 'रेडमेन' परत आलं. दोन्हीकडे निवडणूक येईपर्यंत नवीन ओळख रुजली नव्हती. नवीन नावाच्या जर्सीत एक वर्ग पदवीधर झाला की ते नाव त्यांचंही होतं, आणि त्या मुलांच्या घरचे लोक बोर्डासमोर त्यासाठी उभे राहतात. म्हणून फरशी, फलक आणि मोठ्या संघांचे गणवेश पहिल्या दोन उन्हाळ्यांत उरका.

उलटही घडतं. मिशिगनच्या पॉ पॉ गावच्या बोर्डानं २०१७ मध्ये 'रेडस्किन्स' ठेवायचं ठरवलं. २०२० मध्ये त्याच गावानं ते सोडलं आणि आता तिथे 'रेड वुल्व्हज' आहेत. पहिल्या मतदानात हरलात तर तक्ता, फोटो, पत्रं, इतिवृत्तं सगळं एका फोल्डरमध्ये नीट ठेवा आणि पुढच्या डिसेंबरात नवीन सदस्यांना पहिल्या महिन्यातच भेटा.

मुलीबद्दल. मोहीम तुमची आहे, तिची ओळख 'ती मॅस्कॉटवाली' अशी होऊ देऊ नका. तिला लिहायचं असेल तर शाळेच्या वर्तमानपत्रात लिहू द्या, पण नेशामिनीच्या विद्यार्थी संपादकांनी २०१३ मध्ये 'रेडस्किन' हा शब्द छापायचा नाही ठरवल्यावर बोर्डाशी वर्षभर झगडा झाला आणि सल्लागार शिक्षिकेला निलंबनही झालं, हे तिला आणि तिच्या शिक्षकांना आधी सांगा. कुणी ऑनलाइन त्रास दिला तर उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करा. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.